अधिकच्या चिन्हाचा मध्य

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खालच्या गाळ्यात लेथ चालते, त्यामुळे टेबलावर ठेवलेल्या चहात दिवसभर बारीक थरथर असते. आम्ही आठ जण. पुठ्ठ्याचे खोके, लेबलं, पत्र्याचे सुटे भाग यांची ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो आणि मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या छोट्या कारखान्यांना देतो. ते तीन वेगवेगळ्या प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालावं लागतं, कारण कारखानदाराकडे जे असेल ते असतं. आमच्यासाठी तो नवीन मशीन घेणार नाही. म्हणून खिडक्या, बटणं, मेनू हे सगळं आम्ही एकदाच लिहून ठेवलंय, एका लायब्ररीत. ती लायब्ररी पुढे प्रत्येक कॉम्प्युटरशी त्याच्या त्याच्या पद्धतीने बोलते. त्यातला माउसचा कर्सर माझ्याकडे आहे. गेली अकरा वर्षं.

पाहुणे आले की नवरा सांगतो, "ही ऑफिसात बाण हलवते." सगळे हसतात, मीही हसते. पण त्या बाणात बरंच काही असतं. मजकुरावर गेला की त्याची उभी काडी व्हायला हवी, खिडकीच्या कडेवर दोन तोंडांचा बाण, ड्रॉइंगवर अधिकचं चिन्ह. एका प्रकारचा कॉम्प्युटर कर्सर किती वेळा लपवला ते मोजून ठेवतो. दोनदा लपवलात तर दोनदा दाखवावा लागतो, नाहीतर तो परत येतच नाही. दुसऱ्यावर थेट लपवायची सोय नाही, त्याला एक संपूर्ण पारदर्शक चित्र द्यावं लागतं. तिसरा म्हणतो, कर्सर आधी तुमच्या खिडकीत येऊ दे, मग त्याचं रूप बदला. या तिघांची समजूत काढत राहणं हे माझं काम. ते बरं झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मला ते आवडतं.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एका कारखान्याकडून विनंती आली होती, की ड्रॉइंग काढताना येणारं अधिकचं चिन्ह फार लहान दिसतं, मोठं करता येईल का. विनंती रास्त होती. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये कर्सर मोठा करायची सोय असते, पण आमचं चिन्ह आम्ही स्वतः काढलेलं चित्र होतं, ते त्या सेटिंगला जुमानत नव्हतं. मी दोन दिवस बसून ते जुमानेल असं केलं. सेटिंग दुप्पट तर चित्र दुप्पट, तिप्पट तर तिप्पट. माझ्या मशीनवर बघितलं, झकास दिसलं. नवीन व्हर्जन गेलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तक्रार आली, की रेघ जिथे क्लिक करतो तिथे येत नाही, बाजूला सरकते. मी माझ्या मशीनवर शंभरदा क्लिक केलं. रेघ बरोबर जागी. मी उत्तर लिहिलं: माउस साफ करा, खाली गडद रंगाचं पॅड ठेवा. तक्रार बंद. पंधरा दिवसांनी तीच पुन्हा. या वेळी जोडलं होतं, की ड्रॉइंग मोठं करून काम केलं तर ठीक येतं, पूर्ण पान दाखवून काम केलं तर चुकतं. मी पुन्हा बघितलं, पुन्हा बरोबर आलं. उत्तर दिलं, की पूर्ण पानावर बारीक काम करू नये, हाताची चूक होऊ शकते. शेरा मारला: वापरणाऱ्याची चूक. बंद.

मग एके दिवशी दुपारी ऑफिसच्या फोनवर एक बाई आल्या.

"त्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं माउसचं काम कोण बघतं?"

"मीच. बोला."

"मी कांजूरमार्गहून बोलतेय, खोक्यांच्या कारखान्यातून. दोनदा तक्रार केली. दोनदा तुम्ही मलाच अक्कल शिकवलीत."

मी काहीतरी सारवासारव करायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"रागवायला फोन नाही केला, मॅडम. एवढंच सांगायचंय, की तुमचं ते अधिकचं चिन्ह खोटं बोलतं. एकदा येऊन बघा. माझी नोकरी अडकलीय त्यात."

आवाज चढलेला नव्हता. तसा असता तर कदाचित मी गेले नसते. आमचे मालक, म्हणजे सर, त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "बघून ये. पण तिथे काही कबूल करून येऊ नकोस. आधी आपल्याला कळू दे काय आहे ते." त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मी मुलुंडला राहते, कांजूरमार्ग वाटेवरच आहे. शनिवारी अर्धा दिवस असतो, तेव्हा जाईन म्हटलं.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड होती. एका बाजूला पुठ्ठ्याच्या थप्प्या, मधे कापायचं मशीन, पलीकडे चिकटवण्याचं लांब टेबल. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आत यायचा, मग कोणीतरी न बोलता उठून एक खिडकी लावायचं. चिकटवण्याच्या टेबलावर पाच-सहा बायका काम करत होत्या. त्यांतल्या एक, साठीकडे झुकलेल्या, सुती साडीवर कामाचा निळा कोट घातलेल्या, हात पुसत माझ्याकडे आल्या.

"तुम्हीच का? मला वाटलं, कोणी मोठं माणूस येईल."

फोनवरच्या बाई याच. त्या एकोणिसाव्या वर्षी इथे लागल्या होत्या. वडील मूळ कणकवलीकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरात कोणीतरी कमवायला हवं म्हणून या आल्या. पुठ्ठ्याचा खोका बनवायचा तर आधी तो उलगडून सपाट काढावा लागतो: कुठे कापायचं, कुठे घडी पडायची. ते त्या हाताने काढायला शिकल्या, पट्टी-पेन्सिलीने, आणि पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावरही शिकल्या. छत्तीस-सदतीस वर्षं या शेडमधला प्रत्येक खोका त्यांच्या रेघेवरून कापला गेला होता. आणि आता त्यांना चिकटवण्याच्या टेबलावर बसवलं होतं.

"काय झालं ते सांगते," त्या म्हणाल्या. "मिठाईच्या दुकानाचं काम होतं. दिवाळीचे खोके. झाकण बसेना. घडी दोन मिलिमीटर इकडे. सगळा माल परत आला. त्याच्या आधी साबणाच्या खोक्यांचं तसंच झालं होतं, पण ते थोडक्यात निभावलं. शेठ सगळ्यांसमोर बोलला, मावशी, तुमचं आता लक्ष राहत नाही, जरा बसून काम करा. बसून म्हणजे हे." त्यांनी गोंदाच्या डब्याकडे हात केला.

शेठ म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. चाळिशीतला. काचेच्या केबिनमध्ये फोनवर बोलत होता. मला बघून त्याने नुसती मान हलवली.

बाईंनी कपाटाच्या वरून सात खोके काढले, उलगडून ठेवलेले. प्रत्येकावर पेनाने खूण केलेली. "बघा. हा साबणाचा, हा मिठाईचा, हा अगरबत्तीचा. प्रत्येकावर चुकलेली रेघ मोजलीय. कुठे एक मिलिमीटर, कुठे दोन, कुठे अर्धा. पण सगळ्या एकाच बाजूला चुकल्यात. वर आणि डावीकडे. एकही खाली नाही, एकही उजवीकडे नाही." मग त्या एकदम गावच्या बोलीवर आल्या. "माझा डोळा चुकला असता तर चारही बाजूंना चुकला असता ना गो? माणसाचा हात काय असो एकाच दिशेने चुकतो?"

मी त्या सात खोक्यांकडे बघत राहिले. आमच्या ऑफिसात आठ जण कॉम्प्युटर शिकून बसलेलो. आमच्यापैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

"तुमचं मशीन दाखवा," मी म्हटलं.

मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर आता दुसराच माणूस काम करायचा, पण तो जेवायला गेला होता. बाईंनी आपल्या नावाने मशीन उघडलं. अधिकचं चिन्ह पडद्यावर आलं आणि मी जरा मागे झाले. ते केवढं तरी मोठं होतं, नेहमीच्या तिप्पट. मी चिन्हाच्या बरोबर मध्यावर एक जागा धरली आणि क्लिक केलं. ठिपका उमटला तो मध्यावर नाही. वर, डावीकडे.

पुन्हा केलं. पुन्हा वर, डावीकडे.

मला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. कर्सर म्हणजे माणसाला दिसणारं चित्र. पण कॉम्प्युटरला त्या चित्रातला फक्त एकच बिंदू कळतो, क्लिक त्या बिंदूचं असतं. आमच्यात त्याला हॉटस्पॉट म्हणतात. बाणाचा हॉटस्पॉट त्याच्या टोकाला, वरच्या डाव्या कोपऱ्यात. अधिकच्या चिन्हाचा बरोबर मधे. मी चित्र तिप्पट केलं होतं, आणि मध्य होता तिथेच सोडला होता, लहान चित्राच्या मध्यावर. बाण मोठा केला तरी त्याचं टोक कोपऱ्यातच राहतं, म्हणून बटणं दाबताना कोणाला फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो फक्त अधिकच्या चिन्हाला, फक्त याच प्रकारच्या कॉम्प्युटरवर, आणि फक्त कर्सर मोठा केलेल्या माणसाला. माझं मशीन दुसऱ्या प्रकारचं होतं, ते मध्य आपोआप सरकवून घ्यायचं. आणि पूर्ण पान दाखवल्यावर चूक वाढायची, कारण पडद्यावरचं तेवढंच अंतर तेव्हा पुठ्ठ्यावर जास्त मिलिमीटर व्हायचं. तेही त्यांनी दुसऱ्या तक्रारीत लिहिलं होतं. मी वाचलं होतं.

"ते चिन्ह मोठं करून द्या म्हणून तुम्हीच लिहिलं होतं का?" मी विचारलं.

"हो. तुम्ही करून दिलंत. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा."

सरांचं वाक्य डोक्यात होतं. मी म्हटलं, "मी ऑफिसला जाऊन नीट तपासते."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. थोडं बाजूने, मान किंचित वळवून, जसं आपण दारातून आत बघावं तसं. "सापडलं ना तुला?" त्या म्हणाल्या. तुम्हीचं तू झालेलं मला जाणवलं आणि ते मला बरंच वाटलं.

"हो," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी आत्ता शेठना सांगते."

मी उठले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. काय सांगशील?"

"की सॉफ्टवेअरची चूक होती. कर्सर मोठा केला की–"

"आणि मोठा का केला होता, असं त्याने विचारलं तर?"

तेव्हा त्यांनी मला बाहेर नेलं. गल्लीच्या तोंडाशी चहावाला होता, तिथे बाकावर बसलो. त्यांनी सांगितलं, की दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं सगळं दिसतं, पण सरळ बघितलं की जिथे बघायचं नेमकं तिथे धूसर. घाटकोपरच्या डॉक्टरांकडे जातात, डोळ्यात इंजेक्शन घेतात. मान वळवून, डोळ्याच्या कडेने बघून त्या काम करायच्या, आणि चिन्ह मोठं असलं की ते जमायचं. कारखान्यात कोणालाही सांगितलेलं नव्हतं. घरी एक बहीण, तिला तेवढं माहीत.

"त्याला वाटतं माझं लक्ष नाही," त्या म्हणाल्या. "ते परवडलं. डोळे गेले म्हटलं तर मग काय उरलं माझं तिथे?"

"पण डोळ्यांमुळे एकही रेघ चुकलेली नाही, ताई. तुम्हीच दाखवलंत ना मला आत्ता."

"ते तुला कळतं. त्याला कळेल का?" चहा तसाच ठेवून त्या बसल्या. मग म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत थांब. मला जरा विचार करू दे."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. नुसतं म्हणाला, "त्या बाईने दोनदा लिहिलं होतं?" मी हो म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले.

सोमवारी ऑफिसात मी त्या प्रकारचं मशीन मागून घेतलं, कर्सर तिप्पट केला, आणि चूक समोर आली. दुरुस्ती दोन ओळींची होती. चित्राची रुंदी जितक्या पट, हॉटस्पॉटही तितक्या पट; उंचीचं तसंच. मी ती लिहिली, तिन्ही प्रकारच्या मशीनवर, तिन्ही आकारांत तपासली आणि सरांकडे गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं सापडलं," ते म्हणाले. "पुढच्या व्हर्जनमध्ये घालून टाक. किरकोळ सुधारणा म्हणून लिही."

"किरकोळ नाहीये, सर." मी सात खोक्यांचं सांगितलं, गोंदाच्या डब्याचं सांगितलं, उद्या पुन्हा जायचंय तेही सांगितलं. डोळ्यांचं नाही सांगितलं. ते माझं सांगायचं नव्हतं. माझ्या दोन उत्तरांचे कागद काढून त्यांच्यासमोर ठेवले. वापरणाऱ्याची चूक, असा माझा शेरा त्यावर होता.

त्यांनी उठून दार लावलं, लेथचा आवाज जरा कमी झाला. "लोक सोडून जातील आपल्याला, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

त्यांनी ते कागद पुन्हा वाचले. सर स्वतः प्रोग्रामर होते, कंपनीची पहिली खिडकी त्यांनीच लिहिलेली. "माझ्याकडे आली असती तक्रार तरी मी हेच लिहिलं असतं," ते म्हणाले. ते माझी समजूत घालायला म्हणाले की स्वतःशीच, माहीत नाही. थोड्या वेळाने विचारलं, "उद्या किती वाजता जाणार आहेस? मी पण येतो."

मंगळवारी आम्ही पोहोचलो तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. निळा कोट नव्हता, चांगली इस्त्रीची साडी. सरांना नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "आधी मी बोलणार. तू मधे पडू नकोस."

केबिनमध्ये आम्ही चौघं. शेठने खुर्च्या पुढे केल्या, बाई बसल्या नाहीत. शेठ त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान. तो शाळेतून इथे यायचा तेव्हा बाईंनीच त्याला खोका उलगडायला शिकवलेला, असं मला नंतर कळलं.

"माझ्या डोळ्यांत डाग आहे," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. मधोमध. म्हणून मी माउसचं चिन्ह मोठं करून घेतलं होतं. ते तुला सांगितलं नाही, ती माझी चूक. पण मिठाईचे खोके डोळ्यांनी बिघडले नाहीत. ते कशाने बिघडले ते ही सांगेल."

मग मी सांगितलं. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा टेबलावरचा कागद घेतला, एक लहान अधिक काढलं, त्याच्याभोवती मोठं काढलं, आणि मध्य कुठे राहिला ते दाखवलं. शेठ कागदाकडे बघत होता. सर म्हणाले, "चूक आमची आहे. तुमच्या बाईंनी दोनदा कळवलं होतं, आम्ही ऐकलं नाही. तसं लेखी देतो."

मग शेठने सरांना नाही, बाईंना विचारलं, "डोळ्यांचं तेव्हाच का नाही सांगितलंत, मावशी?"

"तू काढलं असतंस."

"काढलं असतं का मी तुम्हाला?"

"माहीत नाही. तुला पण माहीत नाही."

त्याने खाली बघितलं. काचेपलीकडे चिकटवणाऱ्या बायका काम करता करता आत बघत होत्या. "उद्यापासून तुमच्या मशीनवर बसा," तो म्हणाला.

"बसेन," बाई म्हणाल्या. "पण तू मला बोललास ते सगळ्यांसमोर बोललास. हेही सगळ्यांसमोर सांग."

त्या क्षणी मला वाटलं, आता हा चिडणार. जमलेलं सगळं यांनी स्वतःच्या हाताने मोडलं. सरांनीही हळूच माझ्याकडे बघितलं. शेठ उठला, केबिनचं दार उघडून बाहेर गेला आणि कापायचं मशीन बंद करायला सांगितलं. मशीन थांबायला थोडा वेळ लागला. सगळे त्याच्याकडे वळले.

"ते दिवाळीचे खोके," तो म्हणाला. "त्यात मावशीची चूक नव्हती. सॉफ्टवेअरची होती. मी जे बोललो..." तो अडखळला. "मी चुकीचं बोललो. एवढंच."

चिकटवण्याच्या टेबलावरची एक बाई म्हणाली, "आम्हाला माहीतच होतं." दोघी-तिघी हसल्या, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. बाई अजून केबिनच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "घाम किती येतो बघ इथे."

दुरुस्त व्हर्जन मी त्याच दुपारी त्यांच्या मशीनवर घातलं. मधोमध क्लिक केलं, ठिपका मधोमध आला. त्यांनी स्वतः वीस-पंचवीस वेळा करून बघितलं, पूर्ण पान ठेवून, मोठं करून, चारही कोपऱ्यांत. मग पट्टी मागवून पडद्यावर लावली. मी तोवर उभी.

सरांनी सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र पाठवलं, किरकोळ सुधारणा असं न म्हणता. एक कारखाना सोडून गेला, तो कदाचित तसाही गेला असता. पण दोन ठिकाणांहून आपणहून फोन आले. एक जण अंधेरीचे, लेबलं काढणारे. हळू आवाजात म्हणाले, मीपण तो मोठा करून वापरतो, मला वाटत होतं माझा हात थरथरायला लागलाय. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. तक्रारही केली नव्हती. किती जणांनी अशी आपलीच चूक मानून घेतली असेल याचा विचार मी फार करत नाही. केला की काम सुचत नाही.

त्यानंतर बाई आमच्या कर्सरच्या परीक्षक झाल्या. म्हणजे तसं कोणी नेमलं नाही. मी नवीन काही केलं की शनिवारी त्यांच्याकडे घेऊन जायचे आणि त्या सांगायच्या. काळं चिन्ह काळ्या रेघांत हरवतं म्हणाल्या, तेव्हा मी त्याला पिवळा रंग आणि काळी कड दिली. मग म्हणाल्या, चिन्हाचे हात पडद्याच्या टोकापर्यंत लांबव, म्हणजे मधे धूसर असलं तरी कडेच्या रेघांवरून मध्य कळेल. एवढा मोठा कर्सर कुठलाच कॉम्प्युटर घेत नाही, म्हणून त्या लांब रेघा मी ड्रॉइंगच्या खिडकीतच काढल्या. दाखवल्या तर त्या लगेच म्हणाल्या, "हे हाताच्या मागे राहतंय गो." मला काहीच दिसत नव्हतं. ऑफिसात मोजलं तर खरंच, एका सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग मागे. खिडकी पुन्हा रंगवायला तेवढा वेळ लागत होता. ते कमी करायला मला महिना गेला. आता ते लांब हातांचं चिन्ह आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना मिळतं आणि चांगले डोळे असलेली माणसंही तेच वापरतात.

त्या अजून दोन वर्षं मशीनवर बसल्या. मग एके दिवशी त्यांनीच शेठला सांगितलं, की आता कडेनेही भरवसा वाटत नाही, दुसरं माणूस बघ. त्याने लगेच माणूस बघितलं नाही. काही दिवस त्याने दोन पडदे लावून बघितले, दिवे बदलून बघितले. शेवटी बाईच म्हणाल्या, पुरे. त्यांना निरोप द्यायच्या दिवशी मीही गेले होते. समोसे, पेढे, शाल. शेठने बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत थांबला, तेव्हा टेबलावरची कोणीतरी म्हणाली, "राहू दे शेठ, तुमचं भाषण आम्ही ऐकलंय." सगळे हसले, तोही हसला.

आता त्या भांडुपला बहिणीबरोबर असतात. मध्यंतरी मी भेटायला गेले तेव्हा बहीण बाजारात गेली होती आणि दार त्यांनीच उघडलं. माझा आवाज ऐकून ओळखलं. त्यांनी फोन बोलका करून घेतलाय. बोट फिरवलं की तो काय काय आहे ते वाचून दाखवतो. तो त्यांनी माझ्यापुढे केला आणि तक्रार सांगितली, की एका बटणावर बोट ठेवलं की हा नुसतं बटण एवढंच म्हणतो, कशाचं ते सांगत नाही. मी म्हटलं, ते करणाऱ्याचं बटणाला नाव द्यायचं राहिलं असेल, ताई.

"मग त्याला कळव," त्या म्हणाल्या. "तुला इंग्रजीत नीट लिहिता येतं."

मी तिथेच, त्यांच्या पलंगावर बसून तक्रार लिहिली. पाठवायच्या आधी त्यांनी ती मराठीत करून वाचून दाखवायला लावली. एक वाक्य बदलायला सांगितलं. मी फार नम्र लिहिलं होतं.